मण्यातून अणू

संगमनेर तालुक्यातलं जोर्वे हे प्रवरेच्या खोऱ्यातलं गाव. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं. तिथली तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली, चाकावर घडवलेली भांडी पुढं गावाच्याच नावानं ओळखली गेली. काठाचं टीचभर खापर हाती आलं तरी त्याच्या वळणावरून तोंडाचा व्यास काढता येतो. बाकीचा आकार आधी सापडलेल्या अख्ख्या भांड्यांवरून ठरवतात.

तुकड्यावरून पूर्ण आकार उभा करण्याचं हेच काम प्रथिनांच्या बाबतीत संगणक करतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिचे हजारो अणू आणि भोवतीचं पाणी, प्रत्येकाची हालचाल मोजणं फार महागात पडतं. म्हणून अणूंचे पुंजके करून त्यांचे मणी कल्पायचे. लेव्हिट आणि वॉर्शेल यांनी १९७५ मध्ये ५८ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन असंच साधं करून संगणकावर दुमडलं. २०१३ च्या नोबेलमध्ये दोघेही होते. नेदरलँड्समधल्या ‘मार्टिनी’ पद्धतीत, हायड्रोजन सोडून, साधारण चार अणूंना एक मणी.

पण औषधाचा रेणू नेमका कुठं अडकेल, हे मण्यांवरून दिसत नाही. अणू परत आणावे लागतात, आणि खरी गंमत इथं आहे. समजा, प्रत्येक अमिनो आम्लाचा फक्त अल्फा कार्बन, म्हणजे साखळीच्या कण्यातला एक अणू, ठाऊक आहे. शेजारच्या दोन अल्फा कार्बनांत बहुधा ३.८ अँगस्ट्रॉम अंतर असतं, कारण त्यांना जोडणारा बंध पाटीसारखा सपाट आणि ताठ. ती पाटी फक्त फिरू शकते. किती फिरली असेल, ते ज्ञात रचनांच्या तुकड्यांशी ताडून पाहतात. कुठला पीळ अशक्य, याचा नकाशा रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ सालीच दिला आहे. मग बाजूच्या साखळ्या. त्यांच्या बसण्याच्या तऱ्हा मोजक्याच. भरलेल्या एसटीत बसावं तसं, आपलं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जाता कामा नये. ‘पुल्क्रा’ हा २००८ चा प्रोग्रॅम हे सगळं झटपट उरकतो.

कणा बहुतेक वेळा छान जमतो. पृष्ठभागावरच्या लांब, मोकळ्या साखळ्यांचा मात्र भरवसा धरू नये.

जोडलेल्या भांड्यात भरलेलं प्लॅस्टर कोरंच ठेवलं, तर जुनं-नवं डोळ्यांना कळतं. अणूंच्या फाइलीत मोजलेला अणू आणि अंदाजानं बसवलेला अणू, दोघांचेही आकडे दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत, सारख्याच ऐटीत. तेव्हा अशी रचना कुणाला पाठवाल, तर सोबत मूळ मण्यांची फाइलही द्या.