दात घासण्याची मुख्य वेळ रात्रीची

दात किडतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी पाहू. दातांवर साचणाऱ्या चिकट थरात जिवाणू राहतात, आपण खाल्लेली साखर त्यांना मिळते, तिच्यापासून ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताच्या कठीण बाह्य आवरणातली, म्हणजे इनॅमलमधली, खनिजं विरघळू लागतात. हे मान्य केलं तर आपल्या रोजच्या सवयीतली एक गोष्ट खटकायला हवी. मराठी घरात दात घासायचे ते सकाळी उठल्याउठल्या. तोंड न धुता चहा घेणाऱ्याला मोठी माणसं टोकतात, पण दात न घासता अंथरुणात शिरणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. जेवण, मग बडीशेप, कुणाला काहीतरी गोड, मुलांना साखर घातलेलं दूध, आणि झोप. मला या लेखात एकच मुद्दा मांडायचा आहे. दात घासण्याची मुख्य वेळ रात्रीची असायला हवी आणि सकाळची तिच्या जोडीला. ज्याला दिवसातून एकदाच जमणार असेल त्याने ती एक वेळ रात्रीची निवडावी.

याचं कारण लाळेत आहे. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात दातांवरच्या थराची आम्लता मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच त्या थराचा पीएच घसरतो, म्हणजे आम्लता वाढते, आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. तो पुन्हा वर आणण्याचं काम मुख्यतः लाळ करते. ती आम्ल सौम्य करते आणि तिच्यातलं कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत मिळतं. दिवसभर तोंडात अशी झीज आणि डागडुजी आलटूनपालटून चालू असते. झोपेत मात्र लाळ सुटणं जवळजवळ थांबतं. झीज करणारे जिवाणू जागेवरच असतात आणि डागडुजी करणारी लाळ नसते. त्यामुळे दुपारी चारला खाल्लेलं बिस्किट आणि रात्री साडेदहाला खाल्लेलं तेच बिस्किट दातासाठी सारखं नाही. काही औषधांमुळे ज्यांचं तोंड दिवसाही कोरडं पडतं, अशा वयस्कर माणसांना तर रात्रीचा धोका अधिकच.

साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि दातांना किती वेळ चिकटून राहिली, यावर कीड जास्त अवलंबून असते. हे स्पष्ट झालं ते स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत १९४५ नंतर झालेल्या प्रयोगांतून. तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना चिकट टॉफी मुद्दाम खायला देऊन त्यांचे दात किडू दिले गेले. ते अन्यायकारक होतं, आणि त्यातून मिळालेलं ज्ञान वापरताना ते कुणाच्या दातांवर उभं आहे हे विसरता येत नाही. जेवणाच्या वेळी खाल्लेल्या गोडापेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चघळलेल्या चिकट गोडाने दात कितीतरी जास्त किडले. झोपण्याआधीचं गोड हे तसंच मधलं खाणं आहे, आणि त्यानंतर लाळेचीही मदत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. सकाळी तोंडाला वास येतो, जीभ चिकट लागते, मग सकाळी घासणं महत्त्वाचं कसं नाही? सकाळचं घासणं सोडा असं मी म्हणत नाही. पण तो वास म्हणजे कोरड्या तोंडात रात्रभर जिवाणूंनी जे केलं त्याचा परिणाम आहे. सकाळी तो धुऊन टाकला की माणसाला स्वच्छ वाटतं, रात्री झालेली झीज मात्र तशीच राहते. हिरड्यांच्या बाबतीतही नियमितपणाच मोलाचा ठरतो. डेन्मार्कच्या आर्हूस शहरात हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ निरोगी माणसांनी दात घासणं थांबवलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. ब्रश केल्यावर रक्त येतं म्हणून घासणं कमी करणारे पुष्कळजण आहेत. बहुतेक वेळा ते रक्त थर साचल्याची खूण असते, आणि त्यावर उपाय मऊ ब्रशने हिरडीच्या कडेपर्यंत हलक्या हाताने, पण रोज घासणं हाच असतो. घासूनही रक्त थांबत नसेल तर दंतवैद्याला दाखवावं.

रात्रीच्या बाजूने दुसरं कारण फ्लोराइडचं. फ्लोराइड असलेल्या पेस्टने मुलांमधली कीड साधारण चतुर्थांशाने कमी होते, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून दिसलं आहे. हे फ्लोराइड दाताजवळ जितका वेळ राहील तितकं उपयोगी, आणि रात्री लाळ कमी असल्यामुळे ते लवकर वाहून जात नाही. जी लाळ नसल्याने नुकसान होतं, तिची अनुपस्थिती इथे फायद्याची ठरते. पण आपण काय करतो? घासून झालं की तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरतो आणि पेस्टमधला कामाचा भाग बेसिनमध्ये सोडतो. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पेल्याने पाणी घेऊन चूळ भरणाऱ्या मुलांत कीड जास्त आढळली. फेस थुंकून टाकावा, फार तर घोटभर पाण्याने एकदा तोंड ओलं करावं आणि थांबावं. सुरुवातीला हे नको वाटतं. चार-आठ दिवसांत जीभ सरावते.

इथे फ्लोराइडची भीती पुढे येते, आणि ती निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलातलं फ्लोराइड जास्त असल्याने लोकांचे दात डागाळतात, हाडंही बिघडतात. पण तिथे धोका आहे तो वर्षानुवर्षं रोज लिटरभर पोटात जाणाऱ्या पाण्याचा. थुंकून टाकलेल्या पेस्टचं प्रमाण त्याच्या जवळपासही येत नाही. काळजी घ्यायची ती पेस्ट गिळणाऱ्या लहान मुलांची. तीन वर्षांखालच्या मुलाला ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत ब्रशभर दाखवतात तेवढी कुणालाच लागत नाही. पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत लहान मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारून निवडावी.

सगळ्यात जोरात मांडला जाणारा आक्षेप पूर्वजांचा. आजोबा-पणजोबा कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी चावत, राखुंडी लावत, तेही सकाळीच, आणि त्यांचे दात शेवटपर्यंत टिकले. पहिलं म्हणजे ज्यांचे टिकले तेच आठवणीत राहतात, कवळ्या आणि बोळकी कुणी सांगत नाही. दुसरं, त्यांच्या आहारात साखर आजच्याइतकी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेमध्ये साखरेची टंचाई झाली तेव्हा शाळकरी मुलांमधली कीड कमी झाली आणि साखर परतल्यावर पुन्हा वाढली. दिवसातून चार वेळा गोड चहा पिणाऱ्या आपल्यासारख्यांना पूर्वजांची एक सवय तेवढी उचलून त्यांचे दात मिळणार नाहीत. आणि जुनं ते चांगलंच, असं म्हणणाऱ्यांनी मशेरीकडेही बघावं. भाजलेल्या तंबाखूची ती पूड दात स्वच्छ ठेवते या समजुतीने महाराष्ट्रातल्या असंख्य बायका तिच्या व्यसनात अडकल्या. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, तरी घरच्या तव्यावर मशेरी अजून भाजली जाते.

उरतो थकव्याचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. दिवसभर राबलेल्या माणसाला अंथरुणातून उठून ब्रश करायला सांगणं व्यवहार्य नाही. म्हणून अंथरुणापर्यंत थांबूच नये. जेवण झालं, ओटा आवरला की मोरीवर दोन मिनिटं ब्रश करावा आणि त्यानंतर फक्त पाणी प्यावं. मुलांचं दूध असेल तर ते या आधी, बिनसाखरेचं. तोंडात दुधाची बाटली ठेवून बाळाला झोपवलं की पुढचे वरचे दात सर्वांत आधी किडतात. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात नीट वळत नाही, तेव्हा रात्रीचा ब्रश आईने किंवा वडिलांनी स्वतः करून द्यावा. कारखान्यात रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्यांनी घड्याळ बघू नये. त्यांची रात्र सकाळी सुरू होते, तर मुख्य ब्रशही त्यांनी सकाळी घरी येऊन, खाऊन, झोपण्याआधी करावा.