कानात वाजतंय ते काय?

१९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या संशोधकांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते नोंदवायला सांगितलं. खोलीत आवाज करणारं काहीच नव्हतं. तरीही त्यांच्यातल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं. कानातल्या आवाजाने धास्तावलेल्या माणसाला ही गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी. पूर्ण शांततेत निरोगी कानही थोडाफार वाजतो.

काहींचा आवाज मात्र भर बाजारातही थांबत नाही. कुणाला रातकिडे ऐकू येतात, कुणाला कुकरची शिट्टी, कुणाला समुद्राची गाज. सुश्रुतांनी कानाचे २८ विकार सांगितले, त्यांत नाद आणि क्ष्वेड हे कान वाजण्याचे दोन विकार वेगवेगळे धरले आहेत. म्हणजे आवाज कसा आहे हे रोग्याला नीट विचारण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आजही या दुखण्यात निम्मं निदान रोग्याच्या वर्णनातूनच हाती लागतं.

आपल्या अंतःकर्णात शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली नळी असते. तिच्यात १५ हजारांच्या आसपास सूक्ष्म केसपेशी असतात आणि आवाजाच्या लाटेचा विद्युतसंदेश त्याच करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. वयाने, गोंगाटाने किंवा औषधाने त्या कमी झाल्या की मेंदूकडे जाणारे संदेश रोडावतात. मग मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि एरवी दुर्लक्षित राहणारी मज्जातंतूंची कुजबुजच आवाज म्हणून जाणवू लागते, असं बहुतेक तज्ज्ञ मानतात. उंच पट्टीच्या पेशी सहसा आधी जातात, म्हणून आवाजही बहुधा बारीक, तीक्ष्ण असतो. चेक संगीतकार स्मेताना १८७४ मध्ये बहिरा झाला. दोन वर्षांनी रचलेल्या आपल्या चार तंतुवाद्यांच्या रचनेच्या शेवटच्या भागात त्याने आनंदी सुरावट मध्येच तोडून व्हायोलिनवर एक लांब, उंच स्वर घातला. कानात वाजणारा तो स्वर त्याला लोकांना ऐकवायचा होता.

सगळेच आवाज इतके खोलवरचे नसतात. कानात मळ घट्ट बसला, पावसाळ्यात बुरशी धरली, सर्दीने कान गच्च झाला, तरी गुणगुण होते आणि कारण दूर झालं की बहुधा जाते. इथे आपणच घोळ घालतो. इअरबडने मळ आत ढकलला जातो आणि पडद्याला भोक असेल तर लसणीचं कोमट तेल थेट मधल्या कानात उतरतं. काडी, हेअरपिन, तेल यातलं काहीही स्वतःहून कानात घालू नये.

नाडीच्या ठोक्याबरोबर धप्-धप् असा आवाज येत असेल तर मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का ते पाहावं. जुळला, तर तपासणी टाळू नका. रक्ताची कमतरता किंवा थायरॉइड असं साधं कारण निघू शकतं, पण मानेतली अरुंद झालेली रक्तवाहिनी, कवटीत वाढलेला दाब किंवा पडद्यामागची रक्तवाहिन्यांची गाठही निघू शकते. असा आवाज कधीकधी डॉक्टरांनाही स्टेथोस्कोपने ऐकू येतो.

सर्वांत जास्त जिवाला लागतो तो एक प्रसंग. माणूस सकाळी उठतो, एका कानात शीळ असते आणि त्या कानाने नीट ऐकू येत नाही. घरचे म्हणतात, दडे बसलेत, सर्दी असेल, उतरेल. त्यात आठवडे जातात. हा नसेचा अचानक आलेला बहिरेपणा असू शकतो. त्यावर स्टेरॉइड देतात ते पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. पुढे गुण येण्याची आशा झपाट्याने कमी होते. घरी एक करून पाहता येईल : तोंड मिटून ‘हूं’ असा सूर काढा. तो बंद कानात मोठा वाटला तर मळ किंवा सर्दीची शक्यता जास्त, चांगल्या कानात मोठा वाटला तर नसेची. उत्तर काहीही येवो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं आणि श्रवणचाचणी मागायची.

आवाज एकाच कानात महिनोन्‌महिने टिकला तर नसेवरची सौम्य गाठ नाही ना, हे एमआरआयने पाहतात. आवाजासोबत गरगरत असेल, तर १८६१ मध्ये पॅरिसच्या मेनिएर यांनी ओळखलेला अंतःकर्णाचा विकार असू शकतो. चेहरा वाकडा झाला किंवा डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू झाला, तर थेट रुग्णालय गाठावं. अ‍ॅमिकासिनसारखी इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतलं अ‍ॅस्पिरिन यांनीही कान वाजतो. औषध परस्पर थांबवू नका, देणाऱ्याला लगेच कळवा.

आता दिवाळीबद्दल. कायद्याने फटाक्याचा आवाज चार मीटरवर १२५ डेसिबलपर्यंत चालतो. अंतर निम्मं झालं की साधारण सहा डेसिबल वाढतात. म्हणजे मीटरभरावर वाकून वात पेटवणाऱ्या मुलाच्या कानावर १३७ डेसिबल आदळतात. फटाक्यानंतरची शीळ सकाळी गेली म्हणून कान वाचला असं समजू नये, आणि दोन दिवसांनंतरही राहिली तर चाचणी करावी. विसर्जनात स्पीकरच्या भिंतींसमोर नाचणाऱ्यांना आणि इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांवर आयुष्य काढणाऱ्यांनाही हेच लागू आहे. त्यांना कानात घालायचे प्लग मिळाले पाहिजेत, ही उपकाराची बाब नाही.

“याला इलाज नाही, सवय करा” एवढंच ऐकून परतलेली माणसं पाहिली की वाईट वाटतं. आवाज कायमचा घालवणारी गोळी आज नाही हे खरं, आणि जिंको या वनस्पतीच्या गोळ्यांवर पैसे घालवण्यातही अर्थ नाही. पण ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा आवाज मागे हटतो. रात्री पंख्याचा किंवा मंद पावसाचा आवाज चालू ठेवल्याने झोप लागते. विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या समुपदेशनाने आवाज गेला नाही तरी त्याचा जाच कमी होतो, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. मुंबईत वांद्र्याला अलीयावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवणतज्ज्ञ आहेत. झोप उडून जीव नकोसा वाटू लागला, तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येतं.