जुन्या तबकड्यांचा संग्रह

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूरच्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ही उद्योगनगरी आहे. केऑनिक्स या कर्नाटक शासनाच्या कंपनीने १९७८ साली तिचा पाया घातला. तेथील अभियंत्यांच्या लेखी आज गाणे म्हणजे अंकांची एक मालिका. तिला वजन नाही, आकार नाही. तिच्या हव्या तितक्या प्रती क्षणात निघतात आणि प्रत्येक प्रत मुळाबरहुकूम असते. असे असता जुन्या तबकड्या जमविण्याचा छंद जगभर टिकून का राहावा?

ही नगरी वसण्यापूर्वी काही वर्षे इंग्लंडात 'ग्लॅम रॉक' नावाच्या संगीताची लाट उसळली होती. १९७१ साली टी. रेक्स या वृंदाचा गायक मार्क बोलन गालांवर चमकी लावून दूरचित्रवाणीवर आला. पाठोपाठ डेव्हिड बोवी, स्लेड, स्वीट यांनीही रंगभूषेचा व लखलखत्या वेषांचा थाट मांडला. बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर त्यांचे शालूही डोळ्यांत साठविणाऱ्या महाराष्ट्राला या हौसेचे नवल वाटू नये. ही गीते सात इंच व्यासाच्या, मिनिटास ४५ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर निघत. एका बाजूस बहुधा एकच गीत असे. तरुण मुलांनी त्या घेतल्या, पुन्हापुन्हा वाजवून झिजविल्या आणि टाकून दिल्या. म्हणूनच आज निर्दोष प्रत सहसा हाती लागत नाही.

जाणता संग्राहक तबकडी प्रथम वाचतो, मग वाजवितो. ती उजेडात तिरपी धरली की ओरखडे दिसतात. स्वररेषा संपून मधला कागद सुरू होण्यापूर्वी जी कोरी पट्टी असते, तीवर बारीक अंक कोरलेले असतात. ती प्रत कोणत्या साच्यातून निघाली हे त्यांवरून उमगते. कागदाचा रंग आणि मधल्या छिद्राचा आकार यांवरून देश व काळ यांचा अदमास येतो.

या विद्येचा बोलका दाखला भारतातलाच आहे. १९६३ ते १९६५ या काळात बीटल्स या इंग्रज वृंदाची काही गीते येथे ७८ फेऱ्यांच्या, लाखेपासून केलेल्या तबकड्यांवर निघाली. इंग्लंडात तोवर असल्या तबकड्या मागे पडल्या होत्या. परंतु येथे असंख्य घरांत वीज नव्हती. तेथे गाणी वाजत ती चावी देऊन चालणाऱ्या ग्रामोफोनवरच. त्याच्या पोलादी सुईचा भार नव्या, मऊ व्हिनाइलच्या सूक्ष्म रेषांना सोसणारा नव्हता. तेव्हा जुनीच तबकडी चालू ठेवणे भाग होते. गैरसोयीपोटी निघालेल्या त्याच तबकड्यांसाठी आज परदेशी संग्राहक मोठी किंमत मोजतात.

गीत अंकांत उतरविता येते. पण विजेवाचून हे संगीत भारतीय घरात कसे पोहोचले, ही साक्ष त्या अंकांत उरत नाही. ती तबकडीच देते. लाखेची तबकडी हातून निसटली की तुकडे होतात. व्हिनाइलची उन्हाने वाकते. दोन्ही उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. आणि माळ्यावरची जुनी पेटी भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी, तिच्यातील तबकड्यांवरचे अंक एकदा उजेडात वाचून पाहावेत.