मुशीपालन, घरगुती जलजीवालयातील

खाऱ्या पाण्याच्या मोठ्या काचटाकीत लहान जातीच्या मुशी (शार्क मासे) हौसेने पाळणे, यास मुशीपालन म्हणतात. मुशीच्या ५०० हून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी मोजक्याच जाती घरगुती जलजीवालयात [→ जलजीवालय] दीर्घकाळ जगू शकतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम समुद्रलवण व चांगली गाळणयंत्रणा सहज मिळू लागल्यावर हा छंद मुख्यत्वे अमेरिका व यूरोप येथे पसरला. या पालनाचे यशापयश बहुधा मासा विकत घेतानाच ठरते. कारण विक्रीस असलेले पिलू वीतभर असते, तर टाकी पूर्ण वाढलेल्या माशासाठी लागते.

योग्य जाती : खुल्या समुद्रात विहार करणाऱ्या अनेक मुशींना क्लोमांवरून (कल्ल्यांवरून) पाणी वाहते राहावे म्हणून सतत पोहावे लागते. बंदिस्त जागेत त्या भिंतींवर आपटतात व खंगतात. अमेरिकेतील माँटेरे बे जलजीवालयात २००४ मध्ये पांढऱ्या मुशीचे एक पिलू सुमारे ३८ लाख लिटर पाण्याच्या टाकीत ठेवले होते. ते १९८ दिवस राहिले. परंतु टाकीतील इतर मुशींवर हल्ले करू लागल्याने २००५ मध्ये त्यास समुद्रात सोडावे लागले.

तळाशी राहणाऱ्या मुशी मात्र मुखाच्या स्नायूंनी पाणी आत घेऊन ते क्लोमांवरून सोडतात व स्थिर पडून राहू शकतात. पालनास याच जाती योग्य होत. ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीलगतच्या प्रवाळभित्तींवरील एपॉलेट मुशी (हेमिसिलियम ऑसेलेटम) सुमारे १ मी. लांब होते. ती परांच्या आधारे तळावर चालल्यासारखी सरकते व पाण्यातील ऑक्सिजनाची कमतरता काही काळ सोसते. कायलोसिलियम प्रजातीतील बांबू मुशीही साधारणतः एवढ्याच असतात. यांपैकी करडी बांबू मुशी (का. ग्रिसियम) भारताच्या किनाऱ्यालगतही आढळते. याउलट, पिलू असताना विकली जाणारी नर्स मुशी सु. ३ मी.पर्यंत वाढत असल्याने घरी पाळण्यास सर्वस्वी अयोग्य आहे.

टाकी : पाण्याच्या उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे असते. मुशीला अंग न घासता वळता यावे, म्हणून टाकीची रुंदी माशाच्या पूर्ण वाढीच्या लांबीहून अधिक असावी. एक मीटर लांबीच्या मुशीसाठी २·५ मी. लांब, १·२५ मी. रुंद व ०·६ मी. खोल टाकी घेतल्यास तीत १,८७५ लि. पाणी मावते. या पाण्याचेच वजन सु. १,९०० किग्रॅ. होते, काच, वाळू व खडक धरून ते दोन टनांपलीकडे जाते. त्यामुळे इमारतीच्या मजल्याची भारक्षमता अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक ठरते. माशाचे पोट खरचटू नये म्हणून तळाशी बारीक वाळू घालतात. खडक वाळूवर न ठेवता थेट तळावर पक्के बसवितात, अन्यथा मासा खालची वाळू उकरतो व ते ढासळतात. टाकीवर घट्ट झाकण हवे. मुशीच्या मुस्कटावरील संवेदनेंद्रियांना अत्यंत क्षीण विद्युत्‌ क्षेत्रही जाणवते. म्हणून पंप व तापक टाकीबाहेर वेगळ्या कुंडीत ठेवणे इष्ट.

पाणी : लवणता लिटरला सु. ३५ ग्रॅ. व तापमान २४° ते २६° से. ठेवतात. वरील टाकी प्रथम भरण्यास सु. ६६ किग्रॅ. समुद्रलवण लागते. मासा सोडण्यापूर्वी काही आठवडे टाकी चालवून, अमोनियाचे नायट्राइटात व त्याचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू गाळणयंत्रणेत वाढू देतात. अमोनिया व नायट्राइट मुळीच आढळू नयेत. साठणारे नायट्रेट ठराविक काळाने पाणी बदलून कमी करावे लागते.

अन्न व आरोग्य : माकूल, कोळंबी व माशांचे तुकडे आठवड्यातून दोन-तीन वेळा चिमट्याने देतात, पिलांना अधिक वेळा द्यावे लागतात. गोठविलेल्या काही माशांतील एंझाइमामुळे ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून आहारात विविधता व पूरक जीवनसत्त्वे ठेवतात. सोबतचे लहान मासे व खेकडे मुशीचे भक्ष्य होतात.

बंदिवासातील मुशींना गलगंड होतो. पाण्यात आयोडीन कमी असणे किंवा नायट्रेट अधिक झाल्याने अवटू ग्रंथीस आयोडीन घेता न येणे, ही त्याची प्रमुख कारणे होत. मुशीच्या रक्तात यूरिया साठवून शरीरातील तर्षण दाब समुद्राच्या पाण्याशी जुळता राखला जातो. त्यामुळे लवणता एकाएकी बदलणे घातक ठरते. इतर माशांच्या परजीवींवर दिली जाणारी ताम्रयुक्त औषधेही मुशींना अपायकारक असतात.

जबाबदारी : बांबू मुशीची अंडी कठीण आवरणासह विकली जातात. त्यांतून काही महिन्यांनी सु. १५ सेंमी. लांबीचे पिलू बाहेर पडते आणि ते अनेक वर्षे जगते. मोठी झालेली मुशी स्वीकारण्यास सार्वजनिक जलजीवालयांकडे क्वचितच जागा असते. तिला समुद्रात सोडल्यास परकी जाती व रोगजंतू तेथे पसरण्याचा धोका संभवतो. भारतात व्हेल शार्क व अन्य काही जातींना २००१ पासून वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण मिळाले, म्हणून जातीची खात्री करणे हे कायद्याच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे. पूर्ण वाढीच्या माशास पुरेल अशी टाकी आधी उभी करणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी मुशी पाळू नये, हेच उचित होय.