पोटात गोळा येतो ना?

दोस्तांनो, उंचावर चढलं की पोटात गोळा येतो ना? मग दादरला, शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात एकदा डोकावून या. १९२५ साली सुरू झालेल्या या संस्थेत तुमच्याएवढी मुलं-मुली मल्लखांबावर चक्क उलटी लटकतात!

त्यांना भीती वाटत नाही? पहिल्या दिवशी वाटतेच की! म्हणून कुणी एकदम टोकाला जात नाही. आधी खांबाला घट्ट मिठी, मग सलामी, मग साधी अढी. खाली गादी नि शेजारी शिक्षकांचा हात. इथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी तर अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. खांब दिसत नसला, तरी हातापायांना तो कळतो! देशपांडे सरांना २०२४ साली पद्मश्री जाहीर झाली.

पालकांनो, ‘भित्रा कुठला!’ असं चिडवू नका नि जबरदस्तीही नको. मूल आज वीतभर वर चढलं, तरी शाबासकी द्या.

आणि मुलांनो, घरी खिडकीच्या गजांवर प्रयोग नकोत हं! शिकायचं ते शिक्षकांसमोरच. भीती वाटली, तर त्यांना खुशाल सांगा. ते एक पायरी खालून पुन्हा सुरुवात करून देतील.