पावसाची धास्ती आणि अश्वगंधा

आपल्या महाड-पोलादपूरकडे सावित्रीचे पाणी चढू लागले की अनेकांची झोप उडते. 22 जुलै 2021 रोजी महाड शहर पुरात बुडाले, तळियेत दरड कोसळून 80 हून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. त्यानंतर छातीत धडधडणे, रात्री दचकून उठणे हा भित्रेपणा नव्हे. तो मनाला बसलेला धक्का होय.

अशा वेळी अश्वगंधा चूर्ण घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. काही आठवड्यांच्या लहान अभ्यासांत तिने ताण काहीसा कमी झाल्याचे आढळले आहे. मात्र वर्षानुवर्षे घेतल्यास काय होते, हे त्यातून कळत नाही. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हा समज चुकीचा आहे. झोपेच्या गोळीसोबत घेतल्यास गुंगी वाढू शकते. थायरॉईड, मधुमेह व रक्तदाबाच्या औषधांच्या परिणामात फरक पडू शकतो. क्वचित यकृताला इजा होते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर चूर्ण बंद करून त्वरित दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रियांनी ते घेऊ नये.

म्हणून आम्ही सर्वांना विनंती करतो, की चूर्णाची डबी डॉक्टरांना दाखवावी आणि चालू गोळ्या आपल्या मनाने थांबवू नयेत. धास्ती सरत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ‘टेली-मानस’च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलावे. आणि मुसळधार पावसाच्या रात्री शेजारच्या एकट्या माणसाचे दार आपण ठोठवावे. सोबतीचे काम कोणतेही चूर्ण करीत नाही.