मोर्चातील निवेदन सभागृहापर्यंत कसे पोहोचते?
आमदार, मतदार आणि संघटना यांच्यातील कामाची पद्धत, तिचे बळ आणि तिच्या मर्यादा

नागपूर : विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले की नागपूरच्या रस्त्यांवर दररोज मोर्चे उतरतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांतील शिक्षक, आदिवासी, दिव्यांग, शेतकरी अशा अनेकांचे हे मोर्चे विधानभवनापासून काही अंतरावर पोलिसांच्या अडथळ्यांपाशी थांबविले जातात. मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, मंत्र्यांच्या हाती निवेदन देते आणि बाहेर येऊन ‘आश्वासन मिळाले’ असे जाहीर करते. या शिष्टमंडळाला आत घेऊन जाणारी व्यक्ती बहुधा एखादा आमदार असते. निवेदन स्वीकारले गेल्यानंतर त्याचे पुढे काय होते, हे मात्र मोर्चात आलेल्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

रस्ता आणि सभागृह यांच्यातील हे अंतर किती महाग पडू शकते, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण याच शहरात घडले. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी घेऊन आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये स्त्रिया आणि मुलांचे प्रमाण मोठे होते. तत्कालीन आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. पुढे राज्य सरकारने गोवारींना विशेष मागास प्रवर्गाच्या सवलती दिल्या, परंतु मूळ मागणी पूर्ण झाली नाही. ती राज्य विधिमंडळाच्या हातात नव्हतीच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४२ नुसार अनुसूचित जमातींच्या यादीत फेरबदल करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे. राज्य फक्त शिफारस करू शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने निर्णय दिला, तेव्हा समाजात आनंद व्यक्त झाला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. यादीतील नोंदीत न्यायालयांना बदल करता येत नाही, हेच त्यामागचे मुख्य कारण होते.

म्हणजे कोणती मागणी कोणाकडे न्यायची, हा प्रश्न तांत्रिक वाटला तरी तसा नाही. रस्ता, पाणी, आरोग्य केंद्र, पोलीस, जमीन महसूल हे राज्याचे विषय आहेत आणि त्याबाबत सरकारला उत्तर देण्यास भाग पाडण्याचा अधिकार आमदाराला आहे. संघटनेकडे माहिती असते, लोक असतात, अनेकदा आमदारापेक्षा अधिक अभ्यासही असतो. पण तिला सभागृहात बोलता येत नाही. अनुच्छेद १९४ ने सभागृहातील भाषणाला दिलेले संरक्षणही तिला नाही. निवेदनाला सभागृहाच्या कागदाचे रूप देणे हे आमदाराचे खरे काम आहे आणि ते त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही करता येत नाही.

त्यासाठीची आयुधे ठरलेली आहेत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाच्या बाबीवर लक्षवेधी सूचना मांडता येते. उत्तर अपुरे वाटल्यास अर्धा तास चर्चेची मागणी करता येते. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्यांच्या मागण्यांवर कपात सूचना देण्याची मुभा असते. शुक्रवारी अशासकीय कामकाजासाठी राखून ठेवलेल्या वेळात मंत्री नसलेला सदस्यही ठराव किंवा विधेयक मांडू शकतो. यातील प्रत्येक आयुधाला मुदत आहे. तारांकित प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी मोर्चा घेऊन आलेल्या संघटनेचा प्रश्न त्या अधिवेशनातील तारांकित यादीत येणे जवळपास अशक्य असते. अनुभवी संघटना आमदारांना अधिवेशनापूर्वीच, अनेकदा आकडेवारी आणि शासन निर्णयांच्या प्रती जोडून, भेटतात ते याचसाठी.

त्याहून कमी परिचित, परंतु सामान्य नागरिकासाठी अधिक उपयोगी असे दोन मार्ग आहेत. पहिला विनंती अर्जाचा. नागरिकांच्या अर्जावर सदस्याने प्रतिस्वाक्षरी करून तो सभागृहात सादर केला की विनंती अर्ज समिती त्याची तपासणी करते आणि संबंधित खात्याकडून खुलासा मागवू शकते. दुसरा मार्ग आश्वासन समितीचा. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी केली जाईल’, ‘कार्यवाही करण्यात येईल’ असे म्हटले की त्या वाक्याची आश्वासन म्हणून नोंद होते आणि त्याची पूर्तता झाली किंवा नाही, याचा ही समिती पाठपुरावा करते. मंत्र्यांनी दालनात शिष्टमंडळाला दिलेल्या शब्दाची अशी नोंद कोठेही होत नाही. एकच वाक्य, एकच मंत्री; दालनात उच्चारले तर सौजन्य, सभागृहात उच्चारले तर दायित्व.

संघटना आणि आमदार यांच्या संयुक्त प्रयत्नातून कायदा कसा घडतो आणि त्याला किती काळ लागतो, हे महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या प्रवासात स्पष्ट दिसते. जुलै १९९५ मध्ये विधान परिषदेचे सदस्य प्रा. पी. बी. पाटील यांनी अशा कायद्याची मागणी करणारा अशासकीय ठराव मांडला. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी मसुदा, प्रबोधन आणि सततचा पाठपुरावा या तिन्ही आघाड्यांवर काम केले. डिसेंबर २००५ मध्ये विधानसभेने विधेयक संमत केले, पण ते विधान परिषदेत अडकले. अनुच्छेद १९६ नुसार विधानसभेने मंजूर केलेले, पण परिषदेत प्रलंबित असलेले विधेयक विधानसभा विसर्जित होताच व्यपगत होते. २००९ च्या निवडणुकीबरोबर या विधेयकाचेही तेच झाले आणि सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले.

या काळात विरोधही संघटितच होता. वारकरी संप्रदायातील अनेक संघटनांना वारी, कीर्तन आणि पारंपरिक उपासनेवर गदा येण्याची भीती वाटत होती आणि त्यांचे म्हणणेही आमदारांमार्फतच सभागृहात पोहोचत होते. कायद्याच्या अंतिम रूपात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायदा लागू होणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. गुन्हा ठरणारी कृत्ये मात्र अनुसूचीत नेमकी नोंदविली आहेत. समितीच्या मूळ कल्पनेपेक्षा कायदा आटोपशीर झाला, अशी टीका झाली. तथापि दोन परस्परविरोधी संघटनांचे म्हणणे ऐकून घेतल्याची खूण त्याच्या मजकुरात आहे, हेही नाकारता येत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकर यांची हत्या झाली. अठरा वर्षे रेंगाळलेल्या प्रश्नावर त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केले. अशाच स्वरूपाचा कायदा कर्नाटक विधिमंडळाने २०१७ मध्ये, तर गुजरात विधानसभेने २०२४ मध्ये संमत केला.

कायद्याऐवजी पैसा आणि पाणी हवे असते, तेव्हा आमदार आणि जनसंघटनेचे नाते वेगळ्या प्रकारे चालते. कृष्णेचे पाणी सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांतील तेरा दुष्काळी तालुक्यांना मिळावे, यासाठी १९९३ पासून सांगली जिल्ह्यातील आटपाडी येथे पाणी परिषद भरू लागली. स्वातंत्र्यसैनिक आणि माजी आमदार नागनाथअण्णा नायकवडी, श्रमिक मुक्ती दलाचे डॉ. भारत पाटणकर आणि सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख हे त्यातील प्रमुख होते. बच्छावत लवादाने वाटून दिलेले पाणी ३१ मे २००० पूर्वी अडविण्याची घाई सरकारलाही होती. १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि टेंभूसारख्या उपसा सिंचन योजनांना गती आली. गणपतराव १९९५ च्या निवडणुकीत पराभूत झाले, तरी परिषद थांबली नाही. उलट पाणी कालव्यात आल्यानंतर ते कोणाच्या शेतात जाणार, भूमिहीन कुटुंबाचा त्यात वाटा असणार की नाही, हा समन्यायी वाटपाचा प्रश्न चळवळीने पुढे नेला. १९६२ ते २०१९ या काळात अकरा वेळा निवडून आलेल्या गणपतरावांचे एसटीने प्रवास करणे सर्वांच्या स्मरणात राहिले. वर्षानुवर्षे पाण्यावर विचारलेले त्यांचे प्रश्न तुलनेने विस्मरणात गेले, हे काहीसे खेदजनकच.

आमदाराकडून मतदारांच्या अपेक्षाही आता बदलल्या आहेत. महाराष्ट्रातील विधानसभा मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक मतदार आहेत आणि आमदाराच्या कार्यालयात येणारे बहुतेक जण वैयक्तिक अडचण घेऊन येतात. रुग्णालयात खाट, शिधापत्रिका, बदली, पोलीस ठाण्यात एक फोन. लग्नकार्य आणि दशक्रिया विधीला हजेरी ही तर मतदारांनी गृहीतच धरलेली असते. राज्यात आमदार स्थानिक विकास निधी २०२२ पासून वार्षिक पाच कोटी रुपये आहे. त्यातील कामे आमदार केवळ सुचवितो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते; तरीही फलकावर नाव आमदाराचे लागते आणि त्याचे मूल्यमापन सभामंडप व पेव्हर ब्लॉक यांवरून होते. सभागृहात त्याने कोणता प्रश्न विचारला, याची चौकशी करायला मतदारसंघात क्वचितच कोणी येते.

सभागृहाचे दिवसही थोडेच असतात. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२३ मध्ये देशातील राज्य विधानसभांचे कामकाज सरासरी २२ दिवस चालले. विधेयक मांडल्यानंतर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ते मंजूर होत असेल, तर संघटनांना आपले म्हणणे आमदारांपर्यंत नेण्यासाठी वेळच उरत नाही. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश निघाल्यावर सत्ताधारी आमदाराला संघटनेच्या बाजूने मत देणे जवळपास अशक्य होते. तो प्रश्न विचारू शकतो, समितीत दुरुस्ती सुचवू शकतो, मंत्र्याला एकांतात गळ घालू शकतो. मतदानाच्या वेळी तो पक्षाचा असतो. दुसरीकडे, एखाद्या गटाचे म्हणणे मांडणे आणि त्यासाठी मोबदला घेणे यांतील सीमारेषा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सीता सोरेन प्रकरणात निःसंदिग्ध केली आहे. सभागृहातील भाषण किंवा मतासाठी लाच घेणाऱ्या सदस्याला विशेषाधिकाराचे संरक्षण मिळणार नाही, असे सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले.

महाराष्ट्राबाहेरील मराठी भाषकांसाठी या विषयाला आणखी एक बाजू आहे. बेळगाव आणि खानापूर परिसरातून महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार वर्षानुवर्षे कर्नाटक विधानसभेत निवडून जात आणि मराठीतून सरकारी कागदपत्रे मिळण्याची मागणी तेथे मांडत. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार विजयी झाला नाही. तरीही मार्ग पूर्णपणे बंद झालेला नाही. अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला आहे, तर अनुच्छेद ३५०-ब नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी नेमलेला विशेष अधिकारी थेट राष्ट्रपतींना अहवाल देतो आणि तो संसदेपुढे ठेवला जातो. परंतु त्या अहवालातील एखाद्या नोंदीवर राज्य सरकारला विधानसभेत प्रश्न विचारायचा असेल, तर तेथेही एखादा आमदारच लागतो, मग तो कोणत्याही पक्षाचा आणि कोणत्याही मातृभाषेचा असो.